पट्टीतला ‘बंकर’ : जहाजभाड्यावरील इंधन अधिभाराची ओळख

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

विजेचे बिल आपल्या प्रत्येकाच्या घरी येते. बहुतेक जण शेवटचा आकडा पाहतात, सुस्कारा टाकतात आणि बिल खिळ्याला अडकवून ठेवतात. पण ते नीट वाचले तर त्यात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ आढळते. वीज तयार करण्यासाठी लागणारा कोळसा वगैरे महागला की ही ओळ फुगते. विजेचा मूळ दर जागच्या जागीच असतो, तरीही बिल वाढते. मूळ दर वेगळा आणि इंधनाचा आकार वेगळा अशी ही दुहेरी मांडणी फक्त विजेपुरती नाही. तिचे एक भावंड समुद्रावर वावरते आणि बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या भाड्यावर बसते. त्याला इंग्रजी व्यापारी भाषेत ‘बंकर ॲडजस्टमेंट फॅक्टर’ म्हणतात, थोडक्यात ‘बाफ’. मराठीत आपण त्याला ‘इंधन अधिभार’ म्हणू.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात या विषयाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, जगातील व्यापारी मालाचे वजन धरले तर पाचांतील चार हिश्शांहून अधिक माल आजही समुद्रमार्गेच जातो. आपल्या स्वयंपाकघरातले पामतेल बोटीने येते आणि आपल्या भागातील द्राक्षे बोटीने जातात. बोटीच्या पोटात जळणाऱ्या तेलाचा हिशोब म्हणूनच आपल्या ओट्यापर्यंत आणि बांधापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा पोहोचतो हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

‘बंकर’ म्हणजे काय?

‘बंकर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लढाईतला खंदक उभा राहतो. जहाजाच्या भाषेत मात्र बंकर म्हणजे कोळसा साठवण्याची कोठी. एकोणिसाव्या शतकात शिडे जाऊन वाफेची जहाजे आली, तेव्हा बोटीच्या पोटाचा मोठा भाग या कोठ्यांनीच व्यापलेला असे. कोळसा भट्टीत लोटणाऱ्या कामगारांना भारतीय खलाशांच्या बोलीत ‘आगवाले’ असे नाव होते. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, भटारखान्यात गोवेकर आणि खाली भट्टीपाशी आगवाले अशी कामाची वाटणी कित्येक वर्षे चालू होती.

पुढे कोळशाची जागा तेलाने घेतली. १९१२ साली ‘सेलांदिया’ नावाच्या डॅनिश जहाजाने डिझेल इंजिनावर कोपनहेगन ते बँकॉक असा दूरचा प्रवास करून दाखवला. कोळसा गेला, आगवाले गेले, पण कोठीचे नाव राहिले आणि कोठीत जे भरायचे त्यालाही तेच नाव चिकटले. आज बंकर म्हणजे जहाजाचे इंधन.

हे इंधन म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचे स्वच्छ डिझेल नव्हे. शुद्धीकरण कारखान्यात कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो काळा, दाट, डांबराचा चुलतभाऊ शोभेल असा अवशेष उरतो, तो परंपरेने जहाजांच्या वाट्याला येत आला. थंड असताना तो वाहतसुद्धा नाही; तापवून पातळ करावा लागतो. तो स्वस्त म्हणूनच जहाजे त्यावर चालत. पण मोठे जहाज दिवसाला शंभर टनांच्या घरात तेल जाळते. स्वस्त वस्तूसुद्धा एवढ्या प्रमाणात लागली की तिचा खर्च डोंगराएवढा होतो. म्हणून सिंगापूर, फुजैरा, रॉटरडॅम अशा मोठ्या बंदरांतला बंकरचा भाव जहाज कंपन्या रोज पाहतात, आपण जसा लासलगावचा कांद्याचा भाव पाहतो तसा.

अधिभाराचा जन्म

ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी ये-जा करणाऱ्या बोटींच्या कंपन्यांनी आपसात भाडे ठरवून घेण्यासाठी मंडळे स्थापन केली होती. त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणत. यातील पहिली मानली जाणारी कॉन्फरन्स १८७५ साली कलकत्ता ते ब्रिटन या मार्गासाठी झाली, ही गोष्ट आपण भारतीयांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कॉन्फरन्सचे दरपत्रक छापील असे आणि ते वरचेवर बदलता येत नसे. तेलाचा भाव स्थिर होता तोवर यात कोणालाच अडचण नव्हती.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेल-उत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या जानेवारीपर्यंत ११ डॉलरांच्या पुढे गेला. म्हणजे तीन-चार महिन्यांत जवळजवळ चौपट! छापील दरपत्रक हातात घेऊन बसलेल्या कंपन्यांपुढे दोनच वाटा होत्या. सारे दरपत्रक पुन्हा छापायचे, नाहीतर मूळ भाड्याला हात न लावता वर इंधनासाठी वेगळी रक्कम लावायची. दुसरी वाट सोपी होती. त्यापूर्वीही प्रसंगोपात अधिभार लागत असत, पण इंधन अधिभार हा भाड्याचा कायमचा सोबती झाला तो या तेलसंकटापासून. त्याच काळात चलनांचे विनिमय दर डळमळू लागल्यामुळे ‘चलन अधिभार’ नावाचे दुसरे भावंडही जन्मले.

तेलाच्या भावाने या धंद्याशी कसा खेळ केला हे समजण्यासाठी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन गृहस्थांची हकीकत सांगावीशी वाटते. मॅक्लीन मुळात ट्रकवाले. माल सुटा न चढवता लोखंडी पेटीसह चढवावा, ही कल्पना त्यांनी व्यवहारात आणली. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्यांची ‘आयडियल एक्स’ ही बोट ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेली आणि आजच्या कंटेनर-युगाची सुरुवात झाली. पुढे त्यांच्या ‘सी-लँड’ कंपनीने ३३ नॉट, म्हणजे ताशी ३३ सागरी मैल, वेगाची आठ जहाजे बांधून घेतली. ती १९७२-७३ मध्ये पाण्यात उतरली आणि लगेच तेल भडकले. पूर्ण वेगात ही जहाजे दिवसाला सुमारे ५०० टन तेल पीत. दहा वर्षांच्या आतच ती अमेरिकन नौदलाला विकावी लागली.

मॅक्लीन यांनी धडा घेतला. १९७८ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्स लाइन्स’ ही कंपनी विकत घेतली आणि १९७९ च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर अवाढव्य, पण हळू चालणारी आणि कमी तेल खाणारी बारा जहाजे मागवली. ती १९८४-८५ मध्ये तयार झाली आणि १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला! तेल स्वस्त झाल्यावर हळू जहाजाचे कौतुक कोणाला? त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. ज्या माणसाने जगाचा व्यापार बदलला, तोच माणूस तेलाच्या भावापुढे दोनदा चितपट झाला. एकदा तेल स्वस्त राहील असे धरून आणि एकदा महाग राहील असे धरून. तेलाच्या भावाचा धोका आपल्या अंगावर न ठेवता तो गिऱ्हाईकाकडे सरकवावा असे जहाज कंपन्यांना का वाटते, ते यावरून उमजते.

हिशोब कसा होतो?

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. येथील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, एक जहाज दिवसाला १०० टन तेल जाळते आणि त्याचा प्रवास २५ दिवसांचा आहे. एकूण तेल झाले २,५०० टन. जहाजावर चाळीस फुटी ५,००० कंटेनर आहेत. म्हणजे एका कंटेनरच्या वाट्याला अर्धा टन तेल आले. मूळ भाडे ठरवताना तेलाचा भाव टनाला ४०० डॉलर धरला होता आणि आज तो ६०० डॉलर आहे. फरक २०० डॉलर, त्याचे अर्धे १०० डॉलर. हा झाला एका कंटेनरवरील इंधन अधिभार. भाव ३०० डॉलरवर उतरला, तर याच न्यायाने कंटेनरमागे ५० डॉलर परत मिळावयास हवेत.

ही झाली फरकाची पद्धत. दुसऱ्या पद्धतीत मूळ भाड्यात तेल धरतच नाहीत. तेलाचा सगळा खर्च अधिभारातच दाखवतात. ‘मर्स्क’ या डॅनिश कंपनीने १ जानेवारी २०१९ पासून अशी रीत सुरू केली. तिचे सूत्र अगदी सुटसुटीत आहे : इंधनाचा सरासरी भाव गुणिले त्या मार्गाचा गुणांक. आपल्या उदाहरणात ६०० गुणिले अर्धा, म्हणजे ३०० डॉलर.

गुणांक ठरवताना बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतात. मार्ग किती लांब, जहाज किती मोठे, ते किती भरलेले, हे तर आलेच. शिवाय आणखी एक मेख असते. जहाज जाताना भरून जाते आणि येताना पुष्कळसे कंटेनर रिकामे आणते. रिकाम्या पेटीचे भाडे कोणी देत नाही, पण तेल तिच्यासाठीही जळते. मग परतीच्या तेलाचा काही भार जाणाऱ्या मालावर टाकला जातो. आपल्याकडे बाजाराला भरून गेलेला टेम्पो रिकामा परतणार असेल, तर चालक दोन्ही बाजूंचे डिझेल आपल्याकडूनच वसूल करतो, तसाच हा प्रकार. द्राक्षांसारख्या मालाला शीतपेटी लागते. तिला प्रवासभर वीज द्यावी लागते आणि ती वीजही जहाजावर तेल जाळूनच तयार होते. त्यामुळे शीतपेटीवरचा अधिभार साध्या पेटीपेक्षा जास्त असतो.

वेगाची गोम

या हिशोबात वेगाचे महत्त्व फार मोठे आहे. जहाजाला पाणी कापावे लागते आणि वेग वाढला की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा की, ताशी लागणारे इंधन वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २० नॉटने जाणारे जहाज १८ नॉटने चालवले तर वेग दहा टक्क्यांनी घटला, पण ताशी तेल सुमारे २७ टक्क्यांनी घटले. प्रवासाला वेळ थोडा जास्त लागला, तो धरूनही एका खेपेतील बचत १९ टक्क्यांच्या आसपास भरते.

२००८ च्या जुलैत कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले आणि त्यापाठोपाठ जागतिक मंदी आली. त्यानंतर बहुतेक सर्व कंपन्यांनी जहाजांचा वेग मुद्दाम कमी केला. यातून तेल वाचले, धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण येथे एक प्रश्न उभा राहतो. वर आपण कंटेनरमागे अर्धा टन धरला होता. वेग कमी केल्यावर प्रत्यक्षात लागले सुमारे ०.४ टन. गुणांक जर जुनाच राहिला, तर ६०० डॉलर भावाने गिऱ्हाईक कंटेनरमागे जवळजवळ ५७ डॉलर अशा तेलाचे देईल, जे जळलेच नाही. म्हणून केवळ तेलाचा भाव प्रामाणिक असून भागत नाही. गुणांकही प्रामाणिक असावा लागतो. तेलाचा भाव वर्तमानपत्रात येतो. गुणांक येत नाही.

आणि वेग कमी झाल्याची दुसरी किंमत मालवाला मोजतो. लोखंडाच्या सळयांना चार दिवस उशीर झाला तर बिघडत नाही. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या द्राक्षाच्या घडाला मात्र प्रत्येक दिवस जड जातो. देठ सुकतो, मणी गळतात आणि तिकडचा खरेदीदार भाव पाडतो.

अधिभारांची वाढती पिलावळ

इंधन अधिभार एकटा राहिला नाही. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. बंदराकाठच्या माणसांच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण कमी गंधकाचे तेल महाग, म्हणून त्यासाठी नवी सूत्रे आणि नवी नावे आली. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाने आपल्या बंदरांना लागणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बन-उत्सर्जनाचे परवाने घेण्याची सक्ती केली. युरोपाबाहेरून येणाऱ्या खेपेचे निम्मे उत्सर्जन त्यात धरले जाते. पहिल्या वर्षाच्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, दुसऱ्या वर्षाच्या ७० टक्के आणि २०२६ पासून पुरे १०० टक्के, अशी चढती पायरी ठेवली गेली. एक टन जड तेल जाळले की तीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे ही रक्कमही लहान नसते. तीही अधिभार म्हणूनच मालावर चढते.

यात भर पडली तांबड्या समुद्राची. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तेथून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. सुएझ कालव्यातून मुंबई-लंडन अंतर सुमारे ६,२०० सागरी मैल आहे. केप ऑफ गुड होपवरून ते सुमारे १०,७०० होते. अशी वेळ पूर्वीही आली होती. १९६७ च्या युद्धानंतर १९७५ पर्यंत सुएझ बंदच होता. २०२४ चा द्राक्ष हंगाम मात्र आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. न्हावा-शेव्याहून निघालेली पेटी युरोपात पोहोचायला दोन आठवड्यांच्या आसपास अधिक लागू लागले आणि मूळ भाडे व अधिभार दोन्ही चढले.

भार अखेर कोणावर?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जहाज कंपनी अधिभार निर्यातदाराकडून किंवा आयातदाराकडून घेते. पण जो पैसे भरतो तोच भार सोसतो, असे अर्थशास्त्र मानत नाही. कराच्या प्रकरणात आपण ‘कराघात’ आणि ‘करभार’ यांतील भेद शिकतो. तोच येथेही लागू पडतो.

व्यवहार ‘एफ.ओ.बी.’ असेल, तर माल न्हावा-शेव्याला जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा आणि पुढचे भाडे घेणाऱ्याचे. ‘सी.आय.एफ.’ असेल, तर भाडे आणि विमाही विकणाऱ्याकडे. द्राक्षांच्या धंद्यात आणखी एक रीत आहे. माल आधी पाठवायचा, तिकडे विकला गेला की सगळा खर्च वजा जाऊन जे उरेल ते शेतकऱ्याला. या रीतीत मधले सर्व जण आपापला खर्च कापून घेतात आणि शिल्लक राहील ती बागायतदाराची. ज्याच्या वाट्याला शिल्लक, त्याच्या वाट्याला धोका.

आमच्या घरी अशीच एक पट्टी आली होती. निर्यातदाराकडून आलेला तो हिशोब इंग्रजीत होता. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून ती माझ्यापुढे ठेवली गेली. वाहतूक, शीतगृह, पॅकिंग, हमाली या ओळी सर्वांना कळल्या. पण एका ओळीपाशी चुलते थांबले. “हा बंकर कोण रे बाबा? आपल्या बागेत तर कधी दिसला नाही आणि पैसे एवढे कसे घेऊन गेला?” सगळे हसले. वडील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “कोण का असेना, त्यानं घेतले ते बरोबर घेतले का, एवढं सांग.” मला सांगता आले नाही, कारण पट्टीवर नुसती रक्कम होती. तेलाचा भाव कोणत्या तारखेचा, गुणांक किती, वाटा किती किलोंवर पाडला, यांपैकी काहीच नव्हते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण वडिलांचा तो प्रश्न आहे.

रक्कम किती मोठी असते? एका कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे धरू आणि अधिभार वरच्या उदाहरणातला ३०० डॉलर. किलोमागे झाले सव्वादोन सेंटच्या आसपास, म्हणजे आपले सुमारे दोन रुपये. लंडनच्या दुकानात द्राक्षाची डबी घेणाऱ्या बाईंना हे दोन रुपये जाणवणारही नाहीत. पण एकरी आठ टन निर्यातीचा माल निघाला, तर बागायतदाराच्या दृष्टीने ते सोळा हजार रुपये आहेत. माझी दोन वर्षांची फी, एस.टी.चा पास आणि पुस्तके मिळूनही एवढा खर्च झालेला नाही.

मग शेतकरी नाही का म्हणत नाही? कारण द्राक्ष थांबत नाही. साखर भरली की घड उतरवावाच लागतो. फार तर बेदाणा करता येतो, पण निर्यातीसाठी काढलेल्या मालाचा सगळा खर्च बेदाण्यात निघेलच असे नाही. ज्याला थांबता येते तो भाव ठरवतो आणि ज्याला थांबता येत नाही तो भार सोसतो. मागणी-पुरवठ्याच्या लवचीकतेचा जो आलेख आपण फळ्यावरून वहीत उतरवून घेतो, त्याचा अर्थ मला या पट्टीवरून अधिक चांगला कळला.

न्याय्य की अन्याय्य?

इंधन अधिभार ही निव्वळ लबाडी आहे असे म्हणणे योग्य होणार नाही. जहाज कंपनीला वर्षभराचे भाडे आधी ठरवावे लागते आणि तेलाचा भाव उद्या काय असेल हे कोणालाच ठाऊक नसते. अधिभार नसता, तर कंपनीने धोका धरून मूळ भाडेच चढे ठेवले असते आणि तेल स्वस्त झाल्यावरही आपण तेच देत बसलो असतो. भावाप्रमाणे वर-खाली होणारा अधिभार त्या मानाने सरळ आहे.

पण तो खरोखर वर-खाली व्हावयास हवा. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरांवर असलेले कच्चे तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरांच्या खाली आले होते. ज्यांच्या करारात उतरण्याचे कलम स्पष्ट होते त्यांना त्याचा लाभ मागता आला. ज्यांच्या करारात नव्हते त्यांनी कशाच्या आधारावर मागावा? दुसरे असे की, तेलाचा खर्च पूर्णपणे गिऱ्हाईकावर टाकता येऊ लागला, की तेल वाचवण्याची कंपनीची निकड कमी होते. तिसरे, कंपन्यांनी एकत्र बसून अधिभार ठरवला, तर स्पर्धा नावालाच उरते. युरोपीय संघाने १८ ऑक्टोबर २००८ पासून आपल्या बंदरांच्या व्यापारात कॉन्फरन्सना असलेली सवलत काढून घेतली, त्यामागे हीच भूमिका होती. तेव्हापासून तेथे प्रत्येक कंपनीला आपला अधिभार स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

आपल्या वीजबिलातील इंधन आकारावर वीज नियामक आयोगाची नजर असते. त्याचे सूत्र जाहीर असते आणि त्यावर हरकत घेता येते. जगातील सर्व समुद्रांवरील अधिभार तपासणारा असा एकच आयोग नाही. म्हणून गिऱ्हाईकानेच जागे राहणे भाग आहे. एकटा शेतकरी डेन्मार्कच्या कंपनीशी भांडू शकणार नाही हे उघड आहे. पण शेतकऱ्यांचा गट आपल्या निर्यातदाराकडे चार गोष्टी नक्कीच मागू शकतो. एक, हंगामाच्या आधीच अधिभारासकट भाडे ठरले आहे की अधिभार वेगळा आहे. दोन, वेगळा असेल तर तेलाचा कोणता भाव, कोणत्या बंदराचा आणि कोणत्या तारखेचा धरला. तीन, गुणांक किती. चार, भाव उतरल्यास पट्टीत रक्कम कमी होणार की नाही. या चार ओळी मराठीत लिहून पट्टीवर छापायला फार शाई लागत नाही.

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न मांडण्याचे वडिलांनी कबूल केले आहे. लिहून मात्र मी द्यायचे, असे ठरले आहे. आपल्या महाविद्यालयात द्राक्ष, डाळिंब, कांदा पिकवणाऱ्या घरांतून आलेले विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. त्यांनी आपापल्या घरची एखादी पट्टी काढून त्यातील न कळणारी ओळ शोधावी आणि अर्थशास्त्राच्या तासाला सरांपुढे ठेवावी, एवढीच विनंती आहे.